तीन रांगांतले सरडे

लालासाहेब फडतरे यांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते एका जांभळीच्या झाडाला शिस्त लावत होते. शिबिर सुरू व्हायला दोन दिवस होते. पठारावरची प्राथमिक शाळा सुट्टीत आम्हाला राहायला मिळाली होती. हे गृहस्थ शिडीवर चढून कोयत्याने आवारातल्या जांभळीच्या खालच्या फांद्या एका उंचीवर आणत होते.

"अहो, झाड सावलीसाठी आहे," मी म्हणाले.

"सावली पन सरळ पडाय पायजे, म्याडम," ते वरून म्हणाले.

मी कराडच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवते. दर मे महिन्यात पदवीची चौदा मुलं घेऊन साताऱ्याच्या पश्चिमेला पवनचक्क्यांच्या पठारावर एकवीस दिवस जाते. रानात बसून बघायचं कसं, मोजायचं कसं आणि बघितलं तेवढंच लिहायचं कसं, हे तिथे शिकवायचं असतं. तिसरी गोष्ट सगळ्यात अवघड. यंदा कॉलेजने शिबिराला एक व्यवस्थापक दिला, तो हा. चोवीस वर्षं फौजेत, त्यातली अठरा सामानाच्या स्टोअरमध्ये, निवृत्त होताना हवालदार. कोरेगावकडच्या त्यांच्या गावात सगळे त्यांना कौतुकाने सुभेदार म्हणतात आणि ते प्रत्येकाला थांबवून सांगतात, "हवालदार. सुभेदार झालो न्हाई." पुतण्याच्या लग्नपत्रिकेत चुकून सुभेदार छापलं गेलं तेव्हा त्यांनी तीनशे पत्रिकांवर स्वतः पेनाने दुरुस्ती केली होती. नवरदेवाचं नाव चुकलं होतं, ते तसंच राहिलं.

पहाटे पाचला शिट्टी, मग रांग, मग गिनती. पहिल्या दिवशी मुलं वैतागली, तिसऱ्या दिवशी त्यांना मजा वाटायला लागली, कारण लालासाहेबांनी गिनतीत प्राणीही घेतले. मुंग्यांवर काम करणारा मुलगा उभा राहून सांगायचा, "मुंग्या चौदाशे वीस." ते वहीत लिहायचे, "मुंग्या, हजर." गवत मोजणारीला विचारायचे, "गवात हललं का जागंवरनं?" ती नाही म्हणाली की खूश व्हायचे. सगळ्यात जास्त जीव त्यांचा राणीच्या सरड्यांवर.

"सरडे एकेचाळीस. हजर अडतीस, गैरहजर तीन," राणी सांगायची.

"तीन कुठं गेलं?"

"ढग हुतं, आबा. बाहेरच पडलं न्हाईत."

"बरं. आजारपनाची रजा लिवतो."

राणी बिराप्पा टेंगले जत तालुक्यातली. वडील मेंढरं घेऊन आठ महिने फिरतीवर. ही कराडच्या वसतिगृहात राहून शेवटच्या वर्षाची परीक्षा देऊन आली होती. एक जूनपासून कुपवाडच्या एका कारखान्यात पॅकिंगला लागायचं हे चुलतभावाने ठरवून टाकलं होतं, युनिफॉर्मचं मापसुद्धा देऊन झालं होतं. सुटका एकच होती. शिबिराच्या एकोणिसाव्या दिवशी बाहेरची एक समिती येणार होती आणि चौदांपैकी एकाला वर्षभर पुण्यात राहून पुढचं संशोधन करायला निवडणार होती. कारखान्याला नावं ठेवायचं मला कारण नाही. पण या मुलीला सरड्यापासून उठवून खोक्यांपुढे बसवायचं, या कल्पनेने मला जेवण जायचं नाही.

तिचे सरडे म्हणजे मे महिन्यात गळ्याखाली निळा-काळा-केशरी पंखा उघडणारे नर. प्रत्येक नराचा एक दगड. त्या दगडावर चढून तो पंखा उघडून मिटून आजूबाजूच्यांना सांगतो की हे माझं, तुम्ही तिकडे. कोण कुठल्या दगडावर बसतो, कोण कोणाला हाकलतो, हे राणी सकाळपासून उन्हात बसून लिहायची. सुरुवातीला तिच्या वहीत 'तुटक्या', 'मामा', 'पाटील' अशी नावं होती. मी ती लाल पेनाने खोडली. म्हटलं, हे शास्त्र आहे, बारसं नाही. दगडांना निळ्या ऑइलपेंटने बारीक नंबर घाल आणि तेच लिही. तिने मान डोलावली आणि नंबर घातले.

अठराव्या दिवशी मी सगळ्यांना कराडला कृष्णा-कोयनेच्या संगमावर नेलं, नदीकाठचे किडे दाखवायला. राणी म्हणाली, "म्याडम, मी हितंच ऱ्हाऊ का? उद्या समिती हाय."

"वेळापत्रक सगळ्यांना सारखं," मी म्हणाले. लालासाहेबांची संगत मलाही लागली होती, दुसरं काय.

संध्याकाळी सहाला आमची गाडी पठारावर चढली. लांबूनच काहीतरी पांढरं दिसायला लागलं. मुंग्यावाला म्हणाला, बगळे बसलेत. जवळ गेलो तेव्हा कळलं, ते राणीचे दगड होते.

एकेचाळीस दगड तीन रांगांत उभे होते. चौदा, चौदा आणि तेरा. मोठे मागे, लहान पुढे. प्रत्येकाला चुना, वर गेरूचा पट्टा, आणि गेरूनेच ठळक नवे नंबर, एक ते एकेचाळीस, ओळीने. अलीकडे पाटी होती, 'सरडा विभाग. परवानगीशिवाय प्रवेश नाही.' आमचा स्वयंपाक करणाऱ्या मनुबाई कोपरापर्यंत चुन्याने माखून कौतुकाची वाट बघत उभ्या होत्या. लालासाहेब कडक इस्त्रीत पुढे आले.

"म्याडम, राणीचं रान तयार हाय."

फौजेत मोठा साहेब यायचा असला की आदल्या दिवशी जे हलत नाही त्याला चुना लावतात. हे मला ऐकून माहीत होतं. या माणसाने चोवीस वर्षं तेच केलं होतं आणि आज पहिल्यांदा कोणाच्या हुकमाशिवाय केलं होतं.

राणी रांगांच्या मधून चालत शेवटपर्यंत गेली आणि तिथे खाली बसली.

मी मात्र बोलले. चौदा मुलांसमोर, त्या वयाच्या माणसाला, जे बोलू नये ते सगळं बोलले. "तुम्ही त्या मुलीचं वर्ष घालवलंत," हे तर तीनदा बोलले. त्यांना आधी कळेचना. ते मला समजावून सांगायला लागले.

"आवं म्याडम, एक नंबराच्या शेजारी चौतीस, त्येच्या शेजारी नऊ. समितीनं बघितलं असतं तर काय म्हनली असती? पोरगी साध्या घरची. तिच्या कामाला कुनी नावं ठिवू न्हाईत म्हनून सकाळधरनं दगूड वढतोय."

मग राणी उठून आली. रडत नव्हती. त्यांच्यासमोर उभी राहून हळूच म्हणाली, "आबा, ती घरं हुती त्यांची."

लालासाहेबांनी रांगांकडे बघितलं. एकदा दगडांकडे, एकदा राणीकडे. आणि ते इस्त्रीसकट मातीत बसले. "मला म्हाईत न्हवतं गं," म्हणाले. "मला वाटलं, बसायची जागा आसंल."

थोड्या वेळाने त्यांना हुशारी आली. "आत्ता लावतो हुतं तसं." पण होतं तसं म्हणजे कसं? दगड उचलल्यावर जे खळगे राहिले, ते त्यांनी मुरूम घालून, पाणी मारून, धुम्मसाने चोपून सपाट केले होते. समितीच्या कोणाचा पाय मुरगळू नये म्हणून. माझ्या फोनमध्ये प्रत्येक दगडाची जागा उपग्रहावरून घेतलेली होती, पण तिच्यात पाच मीटर इकडे तिकडे होतं आणि दगड होते तीन तीन मीटरवर. राणीच्या वहीत पावलं मोजून काढलेला नकाशा होता, तो सुरू व्हायचा 'मोठ्या पहिल्या दगडापासून'. तो दगड आता मागच्या रांगेत सहावा उभा होता.

त्या रात्री कोणी नीट जेवलं नाही. मनुबाईंनी पिठलं केलं होतं, ते तसंच राहिलं.

सकाळी पाचला शिट्टी झाली नाही. मी उठून बाहेर आले तर लालासाहेब हौदापाशी अनवाणी बसून दगड धूत होते. शेजारी राणी. चुना गेला की खालचा निळा नंबर दिसायचा आणि ती दगड एका बाजूला लावायची. निम्मेअधिक झाले होते. बाकीच्यांवर चुना पक्का बसला होता, तिथे खालचा निळा नंबर दिसेल एवढाच चुना खरवडला होता.

"दगड कुठला ते कळेल," मी म्हणाले. "ठेवायचा कुठं ते कोण सांगणार?"

"सरडं सांगत्याल," राणी म्हणाली. "तळ हलवला तरी मेंढरू पयल्या दिवशी जुन्या तळाकडंच वळतं. ऊन तापलं की ज्यो त्यो आपल्या जागंवर यील."

"पण दगडच नाही तिथे. आलेला सरडा कितव्या नंबरचा, ते कशावरून?"

तिने हातातला दगड बाजूला लावला. मग खाली बघून म्हणाली, "म्याडम, मी नंबर लिवत हुते. वळखत तोंडावरनंच हुते."

सतरा दिवस ही मुलगी प्रत्येक सरड्याला चेहऱ्याने ओळखत होती आणि मला घाबरून दगडाचा आकडा लिहीत होती. मला माझ्या लाल पेनाची लाज वाटली. आजही वाटते.

साडेआठला ऊन तापलं आणि आमच्या शिबिराचा सगळ्यात विचित्र कार्यक्रम सुरू झाला. बाकीची मुलं शाळेच्या ओट्यावर गप्प बसली. राणी तिच्या रोजच्या जागी उकिडवी. लालासाहेब रानाच्या मधोमध, छातीशी दगड धरून, श्वाससुद्धा बेताने घेत.

पहिला सरडा आठ चाळीसला आला. चोपलेल्या मुरमावर थांबला. मान वर करून, जिथे दगड असायला हवा होता तिथल्या हवेकडे त्याने बघितलं. एक चक्कर मारली, पुन्हा तिथेच आला आणि सपाट जमिनीवर उभा राहून गळ्याचा पंखा उघडला, जणू अजून माडीवरच आहे.

"तुटक्या," राणी कुजबुजली. "सात नंबर."

लालासाहेबांच्या हातात बारा होता. त्यांनी तो इतक्या सावकाश खाली ठेवला, आणि सात इतक्या सावकाश उचलला, की तेवढ्यात मनुबाईंच्या चुलीवरचं आधण उकळलं. ते जवळ गेले तसा सरडा गवतात पळाला. त्यांनी त्याच जागेवर दगड टेकवला आणि चार पावलं मागे सरकले. दहा मिनिटं काहीच नाही. मग तुटक्या आला, दगडाला एक प्रदक्षिणा घातली, वर चढला. मनुबाई टाळ्या वाजवायला निघाल्या होत्या, मी त्यांचे हात धरले.

अशा रीतीने अकरापर्यंत बावीस दगड घरी गेले. मामा दोनदा येऊन दोन वेगवेगळ्या जागी बसला, त्यामुळे त्याचं काम लांबणीवर पडलं. लालासाहेबांचे हात चुन्याने सोलवटले होते. मी म्हटलं, मुलांना घ्या मदतीला. ते ओठांतल्या ओठांत म्हणाले, "पायांची वर्दळ नको. त्यास्नी माझी सवय झालीया."

एकतीस नंबरचा सरडा गवताच्या कडेला डोकावला म्हणून त्यांनी त्याचा दगड उचलला आणि त्याच वेळी समितीची गाडी आली.

या क्षणाची लालासाहेबांनी अठरा दिवस तयारी केली होती. अध्यक्षांना गुलाब कोणी द्यायचा, सलाम कुठे ठोकायचा, चहाच्या कपांचे कान कोणत्या बाजूला करायचे, सगळं ठरलं होतं. अध्यक्ष उतरले. टोपी घातलेले, उंचेपुरे गृहस्थ. त्यांना समोर अर्धे पांढरे, अर्धे काळे, कसेही पसरलेले दगड दिसले आणि मधोमध एक मिशीवाला माणूस, छातीशी दगड धरून, पुतळ्यासारखा. त्यांना वाटलं हाच स्वागताला उभा आहे. ते हात पुढे करून निघाले.

"थांबा!" लालासाहेब मान न वळवता म्हणाले. "पाय उचलू नका."

"उचललाय," अध्यक्ष म्हणाले. "ठेवू कुठं?"

"हुता तितं."

अध्यक्षांनी पाय होता तिथे ठेवला. मे महिन्यातल्या अकराच्या उन्हात पुण्याहून आलेला विद्वान माणूस हवालदाराच्या हुकमावरून जागच्या जागी उभा राहिला. बाकीचे दोन सदस्य गाडीतून उतरलेच नाहीत. त्यांचा निर्णय शहाणपणाचा होता.

"हे कोण?" त्यांनी मला हळू आवाजात विचारलं.

"शिबिराचे व्यवस्थापक."

"काय करतायत?"

"एकतीस नंबरच्या सरड्याची वाट बघतायत," मी म्हणाले. खोटं बोलायला काही सुचलंच नाही.

मग त्यांनी तिथूनच राणीला प्रश्न विचारले आणि राणीने रानावरची नजर न काढता उत्तरं दिली. माझा जीव टांगणीला लागला. दगड पांढरे का, असं त्यांनी विचारलं तेव्हा वाटलं, आता ही आबांचं नाव सांगणार आणि सांगितलं तर तिचं चुकणारही नाही.

"काल हालवलं गेलं, सर," ती म्हणाली. "चुकून. सतरा दिवसांचं जे लिवलंय ते खरं हाय. आजचं येगळ्या पानावर लिवणार."

"आणि ओळखता कसे? खुणा तर गेल्या."

"आमची दोनशे मेंढरं हायत, सर. एकावर बी नंबर न्हाई."

अध्यक्षांना हे पटलं नाही, आणि पटायचं कारणही नव्हतं. त्यांनी तिची वही मागवून घेतली आणि दगडावर बसलेल्या एका सरड्याकडे बोट केलं. याचं सांग. राणी म्हणाली, हा पाटील, आता डावीकडच्याच्या अंगावर जाणार. गेला. दुसऱ्याकडे बोट केलं. हा पंखा तीनदाच उघडतो, चौथ्यांदा न्हाई. आम्ही मोजलं, तीनदाच. मग त्यांनी मुरमावर फिरणारा तिसरा दाखवला.

"ह्यो मामा," राणी म्हणाली. "ह्यो काय करंल ते मला म्हाईत न्हाई, सर. सतरा दिवसांत मला कळलं न्हाई."

अध्यक्ष वही बराच वेळ चाळत राहिले. मग मला म्हणाले की उन्हाचा त्रास होतोय, आणि आलेल्या पावलांवर अगदी जपून पावलं टाकत मागे फिरले. बाकीच्या मुलांची कामं त्यांनी शाळेत बसून पाहिली. गुलाब मनुबाईंच्याच हातात राहिला. चहा द्यायला व्यवस्थापक नव्हते, त्यामुळे कपांचे कान चारी दिशांना.

एकतीस नंबर बारा पाचला आला. लालासाहेबांनी दगड टेकवला तेव्हा त्यांचे दंड थरथरत होते. गाडी खाली उतरून गेलेली होती. "साहेब गेलं व्हय?" त्यांनी विचारलं आणि उत्तराची वाट न बघता पुढचा दगड उचलायला गेले. संध्याकाळपर्यंत एकोणचाळीस लागले. मामाचा आणि आणखी एक राहिला.

जूनच्या मध्यावर अहवाल आला. पानं दोन. एकावर राणीचं नाव होतं. 'निरीक्षण असाधारण. जे माहीत नाही ते माहीत नाही असे सांगण्याचे धैर्य. निवड करण्यात येत आहे.' तोवर पंधरा दिवस ती कुपवाडला खोकी चिकटवत होती. मी फोन केला तेव्हा मागे मशीनचा एवढा आवाज होता की मला तीनदा ओरडून सांगावं लागलं.

दुसऱ्या पानावर शिबिराबद्दल होतं. 'व्यवस्थापकांचे पाहुण्यांशी वर्तन उद्धट. स्वागताची व्यवस्था नाही. परिसर अस्ताव्यस्त. शिस्तीचा पूर्ण अभाव. पुढील वर्षी व्यवस्थापक बदलावा.' मी या पानाविरुद्ध दोन पत्रं लिहिली. उत्तर नाही. मग एका रविवारी दोन्ही पानं घेऊन लालासाहेबांच्या गावी गेले. एवढं तरी तोंडावर सांगायला हवं होतं, आणि त्या संध्याकाळी बोलले त्याची माफीही मागायची राहिली होती.

त्यांची बायको, मंगलकाकू, चहा टाकत होत्या. लालासाहेबांनी चष्मा लावून शिस्तीचं पान वाचलं. एकदा, मग परत पहिल्यापासून.

"काय लिवलंय?" काकूंनी आतून विचारलं.

"माझ्यात शिस्त न्हाई म्हनत्यात."

काकूंनी चहाचं भांडं खाली ठेवलं. मग काकू जे हसायला लागल्या ते पदर तोंडात घातला तरी थांबेना. "कोन म्हनलं?" त्या डोळे पुसत बाहेर आल्या. "अवं, चौतीस वरसं ह्या घरात ताटंवाट्या रांगंत उभ्या हायत! कोन म्हनलं त्ये? त्येला जेवाय बोलवा!"

लालासाहेब हसले नाहीत. "बरोबर लिवलंय," ते मला म्हणाले. "साहेब आला आनि मी सलाम केला न्हाई. मी त्येच्या जागी असतो तर म्याबी हेच लिवलं असतं." मग चष्मा सारखा करून म्हणाले, "पन दगूड हातात हुता, म्याडम. खाली कुठं ठिवू?"

मी माफी मागितली. नीट जमली नाही, वाक्य मधेच तुटलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि हात पुढे केला. "दुसरं पान द्या."

राणीचं पान त्यांनी एकेका शब्दाखाली बोट धरून मोठ्याने वाचलं, काकूंना ऐकू जाईल असं. 'असाधारण'पाशी थांबून त्याचा अर्थ विचारला. मी सांगितला. तो त्यांनी काकूंना सांगितला. मग शिस्तीचं पान व्यवस्थित दुमडून माझ्या हातात ठेवलं.

"हे तुमच्या फायलीला लागंल," ते म्हणाले. "हे एक मात्र मी ठिवून घेतो." आणि राणीचं पान घेऊन ते आत गेले.